मालकी कुणाची, वहिवाट कुणाची

पेरू आणि इक्वेडोर यांच्या सीमेवर कोर्दियेरा देल कोन्दोर नावाची डोंगररांग आहे. तिथल्या दाट जंगलात तिविन्सा नावाची एक जागा आहे, मोजून एक चौरस किलोमीटर. ही जागा पेरूत येते. तिथे सार्वभौमत्व पेरूचं आणि कायदाही पेरूचाच. जमिनीची मालकी मात्र इक्वेडोरच्या सरकारकडे आहे, तीही एखाद्या माणसाने परगावी जमीन घेऊन ठेवावी तशी, खासगी मालक म्हणून. इक्वेडोरला ती पुढे कुणाला देता येत नाही. तिथे आपले सैनिक किंवा पोलीस ठेवता येत नाहीत. आपल्या माणसांच्या स्मरणाचे कार्यक्रम तेवढे करता येतात.

त्या एक चौरस किलोमीटरमध्ये इक्वेडोरचे सैनिक पडले होते. १९९५ च्या सुरुवातीला सेनेपा नदीच्या खोऱ्यात दोन्ही देशांची लढाई झाली आणि तिविन्सा ही त्या लढाईची खूण होऊन बसली. इक्वेडोरच्या लोकांना ती सोडणं म्हणजे आपले मेलेले तिथेच टाकून येणं वाटत होतं. पेरूच्या लोकांना ती देणं म्हणजे लढाईत हरल्याची कबुली वाटत होती. मूळ भांडण तर नकाशातल्या चुकीचं. सीमा झामोरा आणि सांतियागो या दोन नद्यांमधल्या पाणलोटावरून जाईल, असं १९४२ च्या रिओ करारात लिहिलं होतं. पुढे विमानातून फोटो घेतले तेव्हा कळलं की या दोन नद्यांच्या मधे सेनेपा ही तिसरी नदी वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लांबवर गेलेली आहे. करारात लिहिलेला तो एकच एक पाणलोट जमिनीवर नव्हताच. सुमारे ७८ किलोमीटरची सीमा आखायची राहून गेली आणि तेवढ्यासाठी पुढची पन्नास वर्षं दोन देश एकमेकांच्या अंगावर धावून जात राहिले.

२६ ऑक्टोबर १९९८ ला ब्राझिलियात समझोता झाला. अर्जेंटिना, ब्राझील, चिली आणि अमेरिका हे चार देश जुन्या कराराचे जामीनदार होते. ते सांगतील तो तोडगा मान्य करू, असं दोन्ही देशांच्या संसदांनी आधीच कबूल केलं होतं. सीमारेषा मुख्यतः पेरूच्या म्हणण्याप्रमाणे ठरली. डोंगराच्या दोन्ही अंगांना, एकमेकांना लागून, संरक्षित जंगलं करायचं ठरलं. आणि तिविन्साचा तुकडा वर सांगितलं त्या पद्धतीने इक्वेडोरला दिला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला कागद बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले होते. इक्वेडोरला ही जागा नक्की कशासाठी हवी आहे, हा प्रश्न कुणाला तरी सुचला, याचं मला अप्रूप वाटलं. खनिजासाठी नको होती, चौकीसाठी नको होती. मेलेल्यांपाशी हक्काने जाता यावं एवढ्यासाठी हवी होती. त्यासाठी सार्वभौमत्व लागत नाही. मालकी पुरते.

जमिनीबद्दल बोलताना मराठीत शब्दांची कधी वाण पडत नाही. मालकी वेगळी, कब्जा वेगळा, वहिवाट वेगळी. जमीन एकाच्या नावावर असते, कसतो दुसराच, आणि तिच्या कडेने जायची पायवाट तिसऱ्याच्या हक्काची असते. विहीर सामाईक असू शकते, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. गहाण, भाडेपट्टा, कूळ, हिस्सा, बांध. हे शब्द पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांडणांतून आले आहेत, आणि भांडणं मिटवण्याच्या खटपटीतूनही. जमीन देशाची झाली की मात्र आपण ही सगळी शिदोरी विसरतो आणि एकाच शब्दाला धरून बसतो. सार्वभौमत्व. ते असतं किंवा नसतं, आपलं असतं किंवा त्यांचं असतं.

मला वाटतं याची सुरुवात शाळेतच होते. नकाशा रंगवताना दोन देशांचे रंग एकमेकांत मिसळता कामा नयेत, ही पहिली ताकीद. मला तेव्हापासून तुटक रेषांचं कुतूहल. बाकी सगळ्या रेषा ठाम आणि काहीच ठिकाणी त्या तुटक का, याचं उत्तर ‘तिथे वाद आहे’ एवढंच मिळायचं. मग त्या भागाला रंग कुठला द्यायचा, हा माझा पुढचा प्रश्न असायचा. पुढे मोठेपणी करार आणि निवाडे वाचायचा नाद लागला तो याच प्रश्नापायी. तुटक रेषांच्या आत राहणाऱ्या माणसांसाठी कुणी काय काय करून पाहिलं आहे, हे शोधत गेले आणि अजून शोधते आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्यात सार्वभौमत्वाची जी व्याख्या हटकून सांगितली जाते ती माक्स हूबर या स्विस कायदेपंडिताची. १९२८ मध्ये अमेरिका आणि नेदरलँड्‌स यांच्यातल्या पाल्मास बेटाच्या वादात तो एकटा लवाद होता. बेट जेमतेम काही चौरस किलोमीटरचं. स्पेनने १८९८ च्या तहात फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, त्यात हेही आलं असा अमेरिकेचा समज. १९०६ मध्ये जनरल लेनर्ड वुड तिथे पोचला तर समोर डच झेंडा! हूबरने निकाल डचांच्या बाजूने दिला. कागदावरच्या जुन्या हक्कापेक्षा तिथे सातत्याने, शांतपणे कारभार कोण करत आलं आहे याला त्याने जास्त वजन दिलं. एखाद्या भूभागावर बाकी सगळ्यांना वगळून राज्याचं काम करण्याचा हक्क म्हणजे सार्वभौमत्व, असं तो म्हणाला. पुढे लगेच त्याने असंही म्हटलं की या हक्काबरोबर एक कर्तव्य चिकटून येतं. आपल्या हद्दीत दुसऱ्यांचे जे हक्क आहेत ते राखण्याचं. या दुसऱ्या भागावर माझा जीव आहे. वगळण्याचा हक्क सगळे देश तोंडपाठ म्हणतात, राखण्याचं कर्तव्य मात्र त्यांना करारात लिहून घेतल्याशिवाय आठवत नाही.

सार्वभौमत्व वाटून घेण्याचा विषय निघाला की लोक पहिल्यांदा फेझंट बेटाचं नाव घेतात. फ्रान्स आणि स्पेनच्या मधून वाहणाऱ्या बिदासोआ नदीत ते आहे. १६५९ चा पिरेनीजचा तह तिथेच झाला. १ फेब्रुवारी ते ३१ जुलै बेट स्पेनचं, १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी फ्रान्सचं. गोष्ट गोड आहे आणि मलाही आवडते, पण तिच्यातून शिकण्यासारखं फारसं नाही. त्या बेटावर कुणीच राहत नाही. जिथे माणूस नाही तिथे सार्वभौमत्व पाळीपाळीने घेणं सोपं असतं.

माणसं असली की काय होतं ते पाहायचं तर न्यू हेब्रिडीजकडे जावं लागतं. प्रशांत महासागरातल्या या द्वीपसमूहावर १९०६ पासून ब्रिटन आणि फ्रान्स यांचं संयुक्त राज्य होतं. दोन प्रशासनं, दोन पोलीस दलं, दोन कायदे, दोन तुरुंग, दोन तऱ्हेच्या शाळा. वाद निवडायला एक संयुक्त न्यायालय होतं आणि त्याचा अध्यक्ष दोघांपैकी कुणाचाच नको म्हणून स्पेनच्या राजाने नेमायचा. ब्रिटिश माणसाला ब्रिटिश कायदा, फ्रेंचाला फ्रेंच. तिसऱ्या देशातून आलेल्या माणसाने या दोनांतला एक निवडायचा. आणि ज्यांची ती बेटं होती ते लोक? ते ब्रिटिशही नव्हते आणि फ्रेंचही नव्हते. त्यांना कुठलंच नागरिकत्व नव्हतं. दोन दोन साम्राज्यं छातीवर बसलेली, आणि परदेशी जायला स्वतःचा म्हणावा असा एक पासपोर्ट नाही. १९८० मध्ये वानुआतू म्हणून ही बेटं स्वतंत्र झाली तेव्हा कुठे ते कुणाचे तरी नागरिक झाले, स्वतःचेच.

संयुक्त सार्वभौमत्व म्हटलं की मला म्हणून धास्ती वाटते. वरच्या दोघांनी सत्ता वाटून घेतली म्हणजे खालच्यांना काही मिळालं असं होत नाही. पण हाच मार्ग वेगळ्या तऱ्हेने वापरलेलाही मी पाहिला आहे. बोस्नियात साव्हा नदीकाठी ब्रच्को नावाचं शहर आहे. तिथलं युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारात बाकीचा सगळा देश दोन भागांत वाटून झाला, पण ब्रच्को कुणाला द्यायचं यावर एकमत होईना. ते सर्ब भागाच्या दोन तुकड्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवर होतं आणि दुसऱ्या भागाला नदीकडे जायची वाटही तिथूनच. १९९९ मध्ये लवादाने निकाल दिला की ते दोघांचंही आहे. आणि दोघांचं असल्यामुळेच तिथे दोघांपैकी एकाचाही हुकूम चालणार नाही. शहराचा आणि भोवतालच्या गावांचा कारभार तिथलीच विधानसभा, तिथलेच पोलीस, तिथलीच न्यायालयं करतील. काही वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखलेल्या लोकांची मुलं २००१ पासून तिथे एकाच शाळेत बसू लागली. ब्रच्को आज आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही. पण तिथे सामाईक ठेवलं गेलं ते फक्त नाव. कारभार राहणाऱ्यांकडे गेला, आणि न्यू हेब्रिडीजमध्ये नेमकं याच्या उलट होतं.

आता ऑलंडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण या सगळ्या खटाटोपात जर एखादी गोष्ट मनासारखी जमून आली असेल तर ती ही.

स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या समुद्रात ऑलंडची हजारो लहानमोठी बेटं आहेत. लोक स्वीडिश बोलणारे. १८०९ मध्ये फिनलंडबरोबर ही बेटंही स्वीडनकडून रशियाकडे गेली. १९१७ मध्ये रशियात उलथापालथ झाली, फिनलंड स्वतंत्र व्हायला निघालं, तेव्हा ऑलंडच्या लोकांनी ठरवलं की आपल्याला पुन्हा स्वीडनमध्ये जायचं आहे. त्यांनी सह्या गोळा केल्या, स्वीडनच्या राजाकडे गेले. फिनलंडने त्यांना १९२० मध्ये स्वायत्ततेचा कायदा देऊ केला, तो त्यांनी नाकारला. त्यांचे दोन पुढारी, यूलियुस सुंदब्लूम आणि कार्ल ब्यर्कमन, यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. प्रकरण नव्याने जन्मलेल्या राष्ट्रसंघापुढे आलं. कायद्याचा मुद्दा तपासायला जे तीन पंडित नेमले त्यांत एक आपला माक्स हूबर होता.

२४ जून १९२१ ला राष्ट्रसंघाच्या परिषदेने निर्णय दिला. बेटं फिनलंडची. ऑलंडकरांचा हा सरळ सरळ पराभव होता. पण तीनच दिवसांनी, २७ जूनला, एक दुसरा कागद तयार झाला आणि माझ्या मते खरा निर्णय त्या कागदात आहे. ऑलंडच्या लोकांना स्वीडनमध्ये का जायचं होतं? स्वीडनचा राजा फार प्रिय होता म्हणून नव्हे. आपली भाषा जाईल, बाहेरचे लोक येऊन जमिनी घेतील, आणि दोन पिढ्यांत आपण आपल्याच बेटांवर उपरे होऊ, ही भीती होती. त्या कागदाने एकेका भीतीला हात घातला. शाळेत शिकवायची भाषा स्वीडिश. जमीन बाहेरच्याला विकली जात असेल तर ती राखून ठेवण्याचा हक्क बेटांवरच्या लोकांना. नव्याने येऊन राहणाऱ्याला तिथला मताधिकार लगेच नाही, काही वर्षं राहिल्यावरच. राज्यपाल नेमायचा तो बेटांच्या विधिमंडळाशी सहमती करून. याखेरीज, क्रिमियाच्या युद्धानंतर १८५६ पासून तिथे तटबंदी करायला मनाई होती, तीही त्याच वर्षी नव्या करारात आणखी पक्की झाली. बेटांवर सैन्य नाही, आणि तिथला हक्काचा रहिवासी फिनलंडच्या सक्तीच्या लष्करी सेवेतून मोकळा.

हेच नियम पुढे कायद्यात मुरले. आज तिथे जमीन घ्यायची, निवडणूक लढवायची तर ‘गृहहक्क’ लागतो, आणि तो मिळायला पाच वर्षं राहणं आणि पुरेशी स्वीडिश येणं लागतं. झेंडा स्वतःचा, टपाल तिकिटं स्वतःची. १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेलं तेव्हा ऑलंडने आपलं मत वेगळं दिलं. ९ जून १९२२ ला पहिलं विधिमंडळ भरलं होतं, तो दिवस तिथे स्वायत्ततेचा दिवस म्हणून साजरा होतो. मला याचं सगळ्यात जास्त नवल वाटतं. जी स्वायत्तता त्यांना नको होती, जी पदरात पडली ती हरल्यामुळे, तिचाच दिवस त्यांची नातवंडं आनंदाने साजरा करतात.

एक गोष्ट इथे लपवून चालणार नाही. बाहेरच्याला जमीन नाही, मत नाही, ही अट दुसऱ्या बाजूने पाहिली तर बोचणारी आहे. कामधंद्यासाठी तिथे गेलेल्या माणसाला ती भिंतच वाटेल. कुठल्याही छोट्या समाजाला राखायचं तर कुणाला तरी दाराबाहेर थांबवावं लागतं, आणि यावर मला आजवर समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही.

ऑलंडमध्ये प्रश्न भाषेचा आणि जमिनीचा होता. तांबड्या समुद्रात तो माशांचा होता. येमेन आणि एरिट्रिया यांच्या मधे हनीश बेटं आहेत, ओसाड, खडकाळ, गोड्या पाण्याची मारामार. १९९५ च्या डिसेंबरात या बेटांवरून दोन्ही देशांच्या फौजा लढल्या. मग दोघे लवादापुढे गेले. ९ ऑक्टोबर १९९८ ला पहिला निवाडा आला. मोठी बेटं येमेनला, काही लहान बेटं आणि खडक एरिट्रियाला. निवाडा इथेच थांबला असता तर तो इतर अनेक निवाड्यांसारखाच एक झाला असता. पण लवादाने एक वेगळी गोष्ट पाहिली. दोन्ही किनाऱ्यांवरचे मच्छीमार शतकानुशतकं या बेटांभोवती मासे धरत आले होते. दोन-चार दिवस बेटावर मुक्काम करायचा, तात्पुरती खोपटी उभारायची, मासे सुकवायचे, आणि वारा नेईल त्या किनाऱ्याला जाऊन विकायचे. त्यांच्या लेखी समुद्र सगळ्यांचा होता. पाश्चात्त्य कायद्यातली भूप्रदेशाच्या सार्वभौमत्वाची कल्पना या लोकांच्या परंपरेला परकी आहे, हे लवादाने आपल्या निवाड्यात मान्य केलं. असं एखाद्या न्यायपीठाने स्वतःच्याच पायाखालच्या कायद्याबद्दल लिहून ठेवणं मी फार कमी वेळा पाहिलं आहे.

म्हणून त्यांनी सांगितलं की बेटं येमेनची असली तरी ही वहिवाट चालू राहील. निवाड्यात त्यासाठी रोमन कायद्यातून आलेला जो शब्द वापरला त्याला मराठीत वहिवाटीचा हक्कच म्हणावं लागेल. १७ डिसेंबर १९९९ च्या दुसऱ्या निवाड्यात तपशील आला. छोट्या होड्यांनी मासेमारी करणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांना पूर्वीसारखं फिरता येईल. बेटांवरचे थांबे वापरता येतील. समोरच्या देशाच्या बंदरात जाऊन तिथल्या मच्छीमाराच्या बरोबरीने मासे विकता येतील. मोठ्या व्यापारी जहाजांना यातलं काही नाही. आणि समुद्रातली सीमा कुठे आहे यावर हा हक्क अवलंबून नाही.

हा निवाडा वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती खोपटी येते. चार काठ्या, वर फडकं, खाली वाळत घातलेले मासे. एका आंतरराष्ट्रीय लवादाने या काठ्यांची दखल घेतली. पण कागदावर आलं म्हणजे समुद्रात आलं असं नाही, हेही तितकंच खरं. या निवाड्यानंतरही एरिट्रियाने येमेनी मच्छीमारांना होड्यांसकट धरून नेल्याच्या घटना घडत राहिल्या. होडीतल्या माणसाच्या हातात निवाड्याची प्रत नसते, आणि असली तरी समोरच्याच्या हातात बंदूक असते.

याच धर्तीची आणखी एक व्यवस्था मला आवडते, ती ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांच्या मधल्या टॉरेस सामुद्रधुनीतली. १९७८ मध्ये करार झाला, १९८५ मध्ये लागू झाला. तिथे समुद्राच्या तळासाठी एक रेषा आहे आणि माशांसाठी दुसरीच. साइबाई, बोइगू, दावान ही ऑस्ट्रेलियाची बेटं पापुआच्या किनाऱ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर, तळाच्या रेषेच्या पलीकडे. रेषा हलवून आम्हाला पलीकडे टाकू नका, असा बेटांवरच्या लोकांनी आग्रह धरला आणि तो मानला गेला. नात्यागोत्यात, सणासमारंभाला, मासे धरायला किंवा वस्तूंची देवाणघेवाण करायला दोन्हीकडचे पारंपरिक रहिवासी पासपोर्टशिवाय ये-जा करतात. दोन रेषा आखल्याने नकाशा किचकट झाला, तो होईना का.

इतकं वाचल्यावर वाटेल की सार्वभौमत्वाचे तुकडे केले की सगळं बरं होतं. तसं नाही. ग्वांतानामोच्या बाबतीत तेच केलं होतं. १९०३ मध्ये क्युबाने अमेरिकेला त्या उपसागराची जमीन भाड्याने दिली. अंतिम सार्वभौमत्व क्युबाचं, पूर्ण ताबा आणि अधिकार अमेरिकेचा. भाडेपट्ट्याला मुदत नाही, दोघांची संमती असेल किंवा अमेरिका स्वतःच तळ सोडून गेली तरच तो संपतो. भाडं वर्षाला ४,०८५ डॉलर, आणि क्रांतीनंतरचं क्युबाचं सरकार ते चेक वटवत नाही. २००२ पासून तिथल्या तुरुंगात माणसं ठेवली गेली. त्यांनी अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली, तेव्हा अमेरिकेच्या सरकारचं म्हणणं असं की ही जमीन आमच्या सार्वभौमत्वाखाली नाही, तेव्हा आमची राज्यघटना तिथे या लोकांना लागू नाही. जी वाटणी तिविन्सात मेलेल्यांना मान द्यायला कामी आली, तीच इथे जिवंत माणसांना कायद्याबाहेर टाकायला वापरली. १२ जून २००८ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. नावापुरतं सार्वभौमत्व कुणाकडे आहे याने प्रश्न सुटत नाही, ताबा कुणाचा हे पाहावं लागेल, असा त्याचा आशय होता. हूबर असता तर त्याला हे पटलं असतं असं मला वाटतं. तोवर काही माणसांची सहा वर्षं गेली होती.

म्हणून कुठलाही नवा आराखडा समोर आला की मी आधी पाहते, माणसावर हात उगारला गेला तर त्याने कुणाच्या दारात जायचं, याचं उत्तर त्यात आहे का. ब्रच्कोत आहे, ऑलंडमध्ये आहे. पुष्कळ हुशार आराखड्यांत नसतं. १९४७ च्या इटलीबरोबरच्या तहातलं त्रिएस्तचं स्वतंत्र राज्य घ्या. त्याला सुरक्षा परिषदेने मान्यता दिली, घटना लिहिली गेली, पण राज्यपाल कोण यावर बड्या राष्ट्रांचं कधी जुळलं नाही. दार होतं, दार उघडणारा कुणी आलाच नाही. १९५४ मध्ये ते राज्य इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यात वाटलं गेलं.

आणि विचारायला हवं, ज्यांचं आयुष्य त्यात जाणार आहे त्यांना. २००२ मध्ये ब्रिटन आणि स्पेनच्या सरकारांमध्ये जिब्राल्टरवर, म्हणजे स्पेनला लागून असलेल्या ब्रिटनच्या ताब्यातल्या भूभागावर, संयुक्त सार्वभौमत्वाची बोलणी बरीच पुढे गेली होती. कागदावर ती कल्पना वाईट नव्हती. तीनशे वर्षांचं भांडण मिटलं असतं. जिब्राल्टरच्या लोकांनी स्वतःच सार्वमत घेतलं. बाजूने १८७ मतं पडली आणि विरोधात सतरा हजारांवर. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटू शकतो. मला वाटत नाही. १९६९ मध्ये स्पेनने तिथली सीमा बंद केली होती. एकाच कुटुंबातली माणसं दोन फाटकांच्या दोन बाजूंना उभी राहून ओरडून एकमेकांची खुशाली विचारायची, बाळ जन्मलं की उंच धरून दाखवायची. पायी चालणाऱ्यांसाठी फाटक उघडलं ते १९८२ च्या डिसेंबरात. ज्याने तेरा वर्षं दार लावून ठेवलं त्याला अर्धं घर द्या, असं त्या लोकांना वीस वर्षांनी सांगितलं गेलं, तेही त्यांना बोलणीत बरोबरीने बसवल्याशिवाय. ती सतरा हजार मतं मला समजतात.

अंटार्क्टिकाचा करार या सगळ्यांत वेगळा. तो वाद सोडवतच नाही, गोठवून ठेवतो. १९५९ च्या कराराचं चौथं कलम असं की सात देशांचे दावे आहेत तसे राहू देत, पण करार चालू असेपर्यंत कुणी काहीही केलं तरी त्याने दावा वाढणार नाही किंवा घटणार नाही. १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या एस्पेरान्सा तळावर एक बाळ जन्माला आलं, त्या खंडावरचं पहिलं नोंदलेलं माणसाचं मूल. गरोदर आईला तिथे नेण्यामागे दाव्याला बळकटी आणण्याचा विचार होता. चौथ्या कलमामुळे त्या बाळाच्या जन्माने नकाशावर काहीच हललं नाही. मला हे फार बरं वाटतं. त्या बाळावर कुठल्याही प्रदेशाचं ओझं पडलं नाही.

जाता जाता एका व्यवस्थेबद्दल सांगायचं राहिलं आहे, जी आज अस्तित्वात नाही.

तिविन्साच्या समझोत्याच्या बरोबर चार वर्षं आधी, २६ ऑक्टोबर १९९४ ला, इस्रायल आणि जॉर्डन यांचा शांतता करार झाला. यार्मूक आणि जॉर्डन नद्यांच्या संगमापाशी बाकूरा, आणि दक्षिणेला वाळवंटात गम्र, अशा दोन जागा होत्या जिथे इस्रायली शेतकरी शेती करत होते. करारात दोन्ही ठिकाणी सार्वभौमत्व जॉर्डनचं ठरलं, आणि शेतकऱ्यांना जमीन कसण्याचा हक्क पंचवीस वर्षांसाठी. कुणी एका वर्षाची नोटीस दिली नाही तर मुदत आपोआप वाढणार होती.

१३ मार्च १९९७ ला बाकूरात सहलीला आलेल्या इस्रायली शाळकरी मुलींवर जॉर्डनच्या एका सैनिकाने गोळ्या झाडल्या. सात मुली गेल्या. तीन दिवसांनी जॉर्डनचा राजा हुसेन सीमा ओलांडून त्या मुलींच्या घरी गेला. जमिनीवर बसलेल्या आईवडिलांसमोर तो गुडघे टेकून बसला. त्याच्याच सार्वभौमत्वाखालच्या जमिनीवर, त्याच्याच सैनिकाच्या हातून ते घडलं होतं.

ती व्यवस्था त्या दिवशी मोडली नाही. पुढे बावीस वर्षं चालली. मग दोन देशांमधलं वातावरण बिघडत गेलं, २०१८ च्या ऑक्टोबरात जॉर्डनने मुदत वाढवायची नाही असं कळवलं, आणि १० नोव्हेंबर २०१९ ला दोन्ही फाटकं बंद झाली. गोळी न झाडता, करारात लिहिलेल्या रीतीने. ज्यांनी तिथे आयुष्यभर शेती केली त्यांच्यासाठी तो दिवस कठीण होता, आणि आपली जमीन पूर्णपणे आपल्या हाती आली म्हणून जॉर्डनच्या लोकांना आनंद झाला तोही खरा होता.

फाटक बंद झाल्यावर जॉर्डनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एक गोष्ट सांगितली, ती बातम्यांत खालच्या परिच्छेदात आली होती. गम्रमध्ये मुदत संपण्याआधी पेरलेलं पीक अजून शेतात उभं होतं. ज्यांनी ते पेरलं त्यांनी रीतसर व्हिसा घेऊन यावं, आणि आपलं पीक काढून न्यावं.